बारोलोची दोन घराणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय वाईनबद्दल, पण सुरुवात कोऱ्या चहापासून करते. जमलं तर उद्या सकाळी करून पाहा. अर्धा कप चहा दोन मिनिटांत गाळून घ्या आणि उरलेला दहा मिनिटं पत्तीवरच राहू द्या. मग साखर न घालता दोन्ही एकामागून एक चाखा. दुसऱ्या कपाने जीभ खरखरीत होईल, गाल आतून ओढल्यासारखे वाटतील, जांभळं खाल्ल्यावर होतं ना, तसंच. आता त्याच कपात दोन चमचे दूध घाला. तुरटपणा बराचसा नाहीसा होतो.

हे काम टॅनिन नावाच्या द्रव्यांचं. लाळेतल्या प्रथिनांमुळे आपलं तोंड आतून गुळगुळीत राहतं. टॅनिन नेमकं त्यांनाच धरतं आणि तो गुळगुळीतपणा जातो. दुधातली प्रथिनं मध्ये आली की टॅनिन त्यांना चिकटतं आणि जीभ सुटते. म्हणजे तुरट ही जितकी चव आहे तितकाच स्पर्शही आहे. ज्यांनी षड्रसांत कषाय म्हणून तिला वेगळी जागा दिली, त्यांच्या जिभेचं मला फार कौतुक वाटतं.

रेड वाईनचा कणा हाच तुरटपणा. द्राक्षाचा रस साली आणि बियांसकट आंबतो. रंग सालीतून उतरतो, टॅनिन साली आणि बिया दोन्हींतून. साली रसात किती दिवस ठेवायच्या आणि तयार वाईन कसल्या पिंपात मुरू द्यायची, या दोन निर्णयांनी एकाच द्राक्षाच्या दोन अगदी निराळ्या वाईन होऊ शकतात. मी नाशिकजवळ याच व्यवसायात आहे, आणि हा फरक समजून घ्यायला मला इटलीतल्या बारोलोइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

बारोलो हे गावाचंही नाव आणि वाईनचंही. वायव्य इटलीत पिएमोंते प्रांतातल्या लांगे टेकड्यांवर, 11 गावांच्या हद्दीत ती बनते. द्राक्ष एकच, नेब्बियोलो. ते फार उशिरा पिकतं. आपल्याकडे निफाड-दिंडोरीत ऑक्टोबर छाटणीची धांदल चालू असते, तेव्हा तिकडे नेब्बियोलोचे घड काढायला येतात. या द्राक्षाची वाईन दिसते फिकी, ग्लासामागचं बोट दिसावं इतकी. रंग पाहून वाटतं, हलकी असेल. एक घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. फिका रंग आणि दांडगा तुरटपणा एकत्र असणारी द्राक्षं थोडीच.

जुनी पद्धत या तुरटपणाला घाबरत नव्हती. साली रसात महिनाभर, कधी त्याहूनही जास्त. वर तरंगणारा सालींचा थर लाकडी फळ्यांनी रसात दाबून ठेवायचा. रंग पहिल्या काही दिवसांतच उतरून झालेला असतो. पुढे मद्यार्क वाढतो तसं बियांतलं टॅनिन सुटू लागतं. मग ही वाईन हजारो लिटरच्या अवाढव्य ओक पिंपांत कित्येक वर्षं राहायची. एवढ्या मोठ्या पिंपात लाकडाचा स्पर्श होतो तो थोड्याच वाईनला, त्यामुळे लाकडाची चव जवळजवळ येतच नाही. पिंपाने द्यायची ती फक्त सवड.

नवी पद्धत 1980 नंतर फोफावली. ला मोर्रा गावचा एलिओ आल्तारे 1976 साली फ्रान्समध्ये बर्गंडीला गेला. तिथल्या शेतकऱ्यांची सुबत्ता पाहून तो अस्वस्थ झाला, कारण त्याच्या गावची तरुण मुलं द्राक्षमळे सोडून कारखान्यांत चालली होती. घरी येऊन त्याने उन्हाळ्यात घडांची विरळणी सुरू केली. ज्यांनी उपासमार पाहिली होती त्या म्हाताऱ्यांना हिरवे घड जमिनीवर टाकणं पाप वाटलं. 1983 साली त्याने वडिलांची जुनी पिंपं चक्क यांत्रिक करवतीने कापून टाकली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळलं. मला ही गोष्ट आठवली की नेहमी दोघांचंही वाईट वाटतं.

आल्तारे आणि त्याच्या सोबत्यांनी साली ठेवण्याचा काळ महिन्यावरून काही दिवसांवर आणला. आडव्या, फिरत्या टाकीत साली घुसळल्या जायच्या, म्हणजे रंग झटपट उतरायचा आणि बियांचं टॅनिन सुटायच्या आत रस वेगळा व्हायचा. मग 225 लिटरची नवी फ्रेंच ओक पिंपं, आतून भाजलेली. छोट्या पिंपात लाकूडही जास्त लागतं आणि हवाही. त्यामुळे रंग टिकतो, तुरटपणा लवकर मऊ होतो, आणि व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास उतरतो.

विरोधही तसाच कडवा झाला. जुन्या पद्धतीनेच बारोलो बनवणाऱ्या बार्तोलो मास्कारेल्लो या बुजुर्गाने हाताने रंगवलेल्या लेबलवर लिहिलं, छोटी पिंपं नकोत आणि बेर्लुस्कोनीही नको. बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचे एकेकाळचे पंतप्रधान. पिंपाचा वाद तिथे राजकारणापर्यंत पोचला होता.

दोन्ही पद्धतींच्या, साधारण एकाच वयाच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखल्या, तो अनुभव सांगते. नव्या धाटणीची वाईन गडद. वास लगेच भेटायला येतो: व्हॅनिला, कॉफी, मग पिकलेली चेरी. पहिलाच घोट भरलेला आणि गोलसर. तुरटपणा आहे, पण मखमलीखाली झाकलेला. शेवटी मात्र तोंडात लाकडाचा कोरडेपणा रेंगाळतो. जुन्या धाटणीची वाईन फिकी, कडेला विटकरी झाक. पहिली दहा मिनिटं ती बोलतच नाही. मग हळूहळू सुकलेला गुलाब, ज्येष्ठमध, वाळलेली पानं आणि, खरं सांगते, डांबर. रस्त्यावर ताजं डांबर पडल्यावर येतो तोच वास, गुलाबासोबत. तोंडात आधी आंबटपणा उठतो, मग तुरटपणा हिरड्या धरतो. गिळून झाल्यावरही गुलाब जात नाही.

माझा कौल जुन्या पद्धतीला. व्हॅनिलाचा वास नव्या पिंपात ठेवलेल्या कुठल्याही वाईनला येतो, आमच्या नाशिकच्या काबर्ने द्राक्षाच्या वाईनलाही. गुलाब आणि डांबर मात्र त्या टेकड्यांचं. आणि तुरटपणा हा काही दोष नाही की त्यावर पांघरूण घालावं. वर्षानुवर्षं बाटलीत त्याचे कण एकमेकांना जुळत जातात, काहींचा तळाशी साका बसतो आणि जे उरतं ते मुरलेलं असतं. बारोलोला कायद्यानेच किमान 38 महिने थांबावं लागतं, त्यातले 18 लाकडात. चांगल्या वर्षीची वाईन त्यापुढे आणखी पंधरा-वीस वर्षं सहज मागते.

तरी आल्तारेचं ऋण मी नाकारणार नाही. परंपरेच्या नावाखाली तिथे अस्वच्छ, कुजकट वासाची जुनी पिंपंही खपून जात होती. स्वच्छता, विरळणी, तापमानावर नजर, हे आज जुन्या वळणाची घरंही पाळतात. आणि नव्या वळणाच्या कितीतरी जणांनी साली जास्त दिवस ठेवायला, नवं लाकूड कमी करायला सुरुवात केली आहे.

ही वाईन कधी समोर आलीच तर झणझणीत रश्श्याबरोबर घेऊ नका. तिखटाने तुरटपणा आणखी बोचतो. तिकडे ती मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या मांसाबरोबर घेतात. आपल्याकडे मिऱ्याचं, कमी तिखटाचं मटण चालेल, नाहीतर जुनं, कडक चीज. चहात दुधाने जे केलं तेच तिथे मांसातली आणि चीजमधली प्रथिनं करतात. एक घोट, एक घास, पुन्हा एक घोट. तो दुसरा घोट पहिल्यापेक्षा मऊ लागतो.

नमस्कार.