निविदा उघडण्याआधीची पाने

शिवाजीनगरमधली ही इमारत म्हणजे पुणे महानगरपालिकेचे मुख्य भवन. आपल्या दारापुढचा खोदलेला रस्ता आणि त्याखालून जाणारी जलवाहिनी यांचे काम कोणी करायचे, हे आधी येथल्या कागदांवर ठरते. पूर्वगणनपत्रक (कामाच्या खर्चाचा अंदाज), निविदासूचना, निविदापूर्व बैठक, शुद्धिपत्रक, बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत), मग तांत्रिक लिफाफा आणि त्यात पात्र ठरलेल्यांचाच आर्थिक लिफाफा, अशा क्रमाने ही फाइल पुढे सरकते. लिफाफे आता संगणकावर उघडतात; परंतु स्पर्धेत कोण उतरू शकेल याचा निकाल पात्रतेच्या अटींची पाने आधीच लावून ठेवतात, आणि नागरिकांची नजर सर्वांत कमी पोहोचते तीही याच पानांवर.

सकाळी सव्वासातला पुणे स्थानकातून मुंबईकडे सुटणारी ही डेक्कन क्वीन; निविदेचा वादही याच वाटेने जातो. उच्च न्यायालयाचे खंडपीठ पुण्यात नसल्यामुळे डावलल्या गेलेल्या ठेकेदाराला संविधानाच्या अनुच्छेद 226 खालची रिट याचिका (शासनसंस्थेच्या कृतीविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायचा अर्ज) घेऊन मुंबई गाठावी लागते. तेथे न्यायालय दरांची फेरतपासणी करत नाही. टाटा सेल्युलर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये हे स्पष्ट केले, की न्यायालय अपिलात बसलेले नसते. निर्णय कसा घेतला गेला, त्यात मनमानी, पक्षपात किंवा दुर्हेतू होता का, एवढेच ते पाहते.

या तपासणीचा पाया मुंबईच्याच विमानतळावर घातला गेला. 1977 च्या जानेवारीत तेथील एक उपाहारगृह आणि दोन स्नॅक बार चालवण्यासाठी निविदा मागवण्यात आल्या, आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला, द्वितीय श्रेणीचा नोंदणीकृत हॉटेलचालक हवा, अशी अट विमानतळ प्राधिकरणानेच घातली. काम मात्र मिळाले कँटीन चालवणाऱ्या, ती नोंदणी नसलेल्या व्यक्तीला. रमणा दयाराम शेट्टी खटल्यात 1979 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिले, की शासनसंस्थेने स्वतः ठरवलेला निकष तिच्यावरही बंधनकारक असतो, कारण ती अट पूर्ण होत नाही म्हणून निविदा न भरलेल्यांची संधी त्यामुळे हिरावली जाते. तत्त्व असे प्रस्थापित झाले, तरी ठेका रद्द झाला नाही. याचिका पाच महिन्यांहून अधिक उशिरा आली होती, याचिकाकर्त्याचा स्वतःचा खरा हितसंबंध न्यायालयाला दिसला नव्हता, आणि तोवर ठेकेदाराचा मोठा खर्चही होऊन गेला होता. उशिराची ही किंमत निविदेत उतरणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी, असे आम्हांला मनापासून वाटते.

मुठेच्या पात्राकडेने वनाजहून येणारी ही मेट्रो ज्या महामेट्रोने उभारली, ती पूर्वीची नागपूर मेट्रो रेल कॉर्पोरेशन. तिच्याच एका निविदेवरून 2016 मध्ये अ‍ॅफकॉन्स या बांधकाम कंपनीचा खटला गाजला. निविदा लिहिणाऱ्या संस्थेलाच तिच्या अटींचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, आणि त्या अर्थात दुर्हेतू किंवा विपर्यास नसेल तर न्यायालयाने तो मान्य करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्यामुळे अट संदिग्ध किंवा कोणा एकासाठी बेतलेली वाटत असेल, तर तिच्यावरचा लेखी आक्षेप निविदापूर्व बैठकीतच नोंदवायला हवा. लिफाफे उघडल्यानंतर त्याचे वजन झपाट्याने घटते. पायाभूत कामांना स्थगिती देण्याऐवजी तक्रारदाराला नुकसानभरपाईचा मार्ग दाखवावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2022 मधला एन. जी. प्रोजेक्ट्स निकाल आहे. ती भरपाई द्यावी लागलीच, तर जाते ती करदात्यांच्या पैशातून.