मी उठलो म्हणून विकेट पडली?

श्रोतेहो, नमस्कार.

सामना रंगात आला की घरातलं कुणीतरी हमखास ओरडतं, "जागेवरून हलू नका रे!" जिथं आपलं काहीच चालत नाही, तिथंही चालतं असं वाटणं म्हणजे नियंत्रणाचा भ्रम. एलन लँगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1975 साली तो प्रयोगातून दाखवला. एक डॉलरचं लॉटरीचं तिकीट काहींना स्वतः निवडू दिलं, काहींना नुसतंच हातात दिलं. नंतर विचारलं, परत विकायचं तर किती घ्याल? दिलेल्यांनी सरासरी दोन डॉलरच्या आतली किंमत सांगितली, निवडलेल्यांनी साडेआठच्या वरची. बक्षिसाची शक्यता मात्र दोघांना सारखीच होती.

या भ्रमावर काढा नाही की गोळी नाही. सगळ्यांत उपयोगी पडतो तो कागद. त्यावर चार घरं आखा: उठलो आणि विकेट पडली, उठलो आणि नाही पडली, बसून होतो आणि पडली, बसून होतो आणि नाही पडली. प्रत्येक षटक संपलं की एका घरात एक रेघ. समजा, 20 षटकांपैकी 5 वेळा उठलात आणि त्यांतल्या 2 षटकांत विकेट गेली. बसून असलेल्या 15 षटकांपैकी 6 मध्ये गेली. दोन्हीकडे प्रमाण 40 टक्केच! मन फक्त पहिलं घर लक्षात ठेवतं, घोळ होतो तो तिथंच. म्हणून नोंद त्याच वेळी करा. रात्री आठवून भरलेला तक्ता आपल्याच बाजूनं झुकतो. आणि एका सामन्यावरून निकाल लावू नका.

शेअरचा भाव पुन्हापुन्हा बघण्याची हुरहुर लागते, तेव्हा श्वास कामी येतो. नाकानं 4 सेकंद आत, 6 सेकंद बाहेर, असं 5 मिनिटं. श्वास रोखू नका. गरगरलं तर तुम्ही फार खोल घेताय. थोडा उथळ घ्या. यानं भाव हलणार नाही, फक्त तुमची घाई ओसरेल. "श्वास केला म्हणून भाव चढला" असं वाटू लागलं, तर त्याचीही चार घरं मांडा.

मधुमेहाची गोळी, हेल्मेट हे मात्र खरोखर आपल्या हातातलं आहे. ते सोडू नका. आणि ठरावीक वेळा कडी तपासली नाही तर घरच्यांचं वाईट होईल, या भीतीत रोज तास-तास जात असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, फोन मोफत आहे.