थिबा राजवाडा : पंचवीस वर्षांनी मिळालेलं घर

खाडीवरून येणारा वारा आधी या खिडक्यांना लागतो. अर्धगोल कमानी आणि सागवानावरचं हे कोरीव काम. सकाळचं ऊन आत कसं पसरतं ते जरा पाहत राहा.

रत्नागिरीत कुणालाही 'थिबा पॅलेस' विचारा, बोट इकडेच दाखवेल. थिबा म्हणजे ब्रह्मदेशाचा, आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि राजाराणीला बोटीत बसवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. चौथी मुलगी तर इथलीच, रत्नागिरीत जन्मलेली.

वाडा मात्र लगेच मिळाला नाही. भाड्याच्या बंगल्यात जवळजवळ पंचवीस वर्षं गेली. तनखा पुरेना, म्हणून मंडालेहून आणलेले जडजवाहीर विकायची वेळ आली. शेवटी सरकारने हे बांधकाम हाती घेतलं. नकाशात राजाने स्वतः लक्ष घातलं होतं, असं सांगतात. जांभा, वीट, उतरती छपरं. नोव्हेंबर १९१० मध्ये कुटुंब इथे राहायला आलं. नजरकैद होतीच, फाटकाबाहेर पडायचं तरी परवानगी लागे.

हा जिना. ही संगमरवरी फरशी. आणि मागच्या बाजूला ही बुद्धमूर्ती, राजाच्या पूजेतली. आमचा कॅमेरा इथे सगळ्यात जास्त रेंगाळला.

आता इथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. दगडी शिल्पं आहेत, चांगली आहेत. पण लोक येतात ते राजा कसा राहत होता हे बघायला, आणि त्याच्या वापरातल्या वस्तू मोजक्याच. या भिंती आणि खिडक्या त्याच्याच घरच्या आहेत. खोलीखोलीत एक पाटी लावली, इथे कोण राहत होतं एवढंच लिहिलं, तरी चालेल.

डिसेंबर १९१६ मध्ये राजा गेला. देह मायदेशी न्यायची परवानगी मिळाली नाही. १९१९ मध्ये राणी सुपयालत परतली, वाडा रिकामा झाला. थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीतच राहिली. तिची मुलगी इथल्याच मराठीत वाढली, गरिबीत.

ही राजाची शिवाजीनगरातली समाधी. भोवती इमारती, दोरीवर वाळत घातलेले कपडे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष इथे येऊन गेले.