थांबल्यानंतर कुठे उभे राहायचे?

मित्रहो, विजेत्याने केव्हा थांबावे, ही चर्चा आपल्याकडे बहुधा क्रिकेटपटूंच्या निवृत्तीपुरतीच होते. आज ती मला लातूर, बीड आणि धाराशिवच्या खेळाडूंकडे पाहून करायची आहे, आणि केव्हा थांबावे यापेक्षा थांबल्यावर त्याने कुठे उभे राहावे, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

मल्ल हरिश्चंद्र बिराजदार आपल्या लातूरच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, १९७२ मध्ये हिंदकेसरी. एवढ्या पुण्याईवर उरलेले आयुष्य सत्कार घेण्यात सहज गेले असते; पण ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत मुले घडवत राहिले. बीडमधल्या पाटोद्याचा राहुल आवारे तिथेच त्यांच्या हाताखाली तयार झाला. २०११ मध्ये वस्ताद गेले. त्यानंतर राहुलला काका पवारांनी, म्हणजे पुन्हा लातूरच्याच मल्लाने, आपल्या तालमीत घेतले आणि २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला ५७ किलो गटात त्याने राष्ट्रकुल सुवर्ण जिंकून ते बिराजदारांना अर्पण केले. मधे ४८ वर्षे गेली, पण धागा तुटला नाही.

हा धागा कसा टिकतो, हे पहाटेच्या तालमीत दिसते. चाळिशीचा मल्ल हौद्यात उतरतो, गुडघ्याला पट्टी बांधतो आणि सोळा वर्षांच्या पोराला जोड देतो, म्हणजे सरावासाठी त्याच्याशी लढतो. पोरगा एकेरी पटासाठी, म्हणजे एक पाय धरून पाडायला झेपावतो, तेव्हा हा मुद्दाम पाय देत नाही. मान दाबतो, वजन टाकतो, पोराला मातीत तोंडावर आणतो आणि पुन्हा उभा करतो. महिनोन्‌महिने हे चालते. एके दिवशी तोच पट खरोखर लागतो आणि वस्ताद पाठीवर पडतो. त्याच्या शरीराचा झपाटा ओसरलेला असतो, दुखापत भरून यायला वेळ लागत असतो, हे खरे; पण त्याने जागा दानात दिलेली नसते, पोराने ती कमावलेली असते. कीव करून सोडलेली कुस्ती नव्या मल्लाला काहीच शिकवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

जिथे अशी जोड मिळत नाही, तिथे काय होते? स्टीपलचेस या ३००० मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीत गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेला ८ मिनिटे ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे कुणाला मोडता आला नाही. २०१८ मध्ये तो बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने मोडला आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यानेच ही वेळ ८ मिनिटे ०९.९१ सेकंदांपर्यंत खाली आणली. विक्रम इतकी वर्षे टिकला याचा आपण अभिमान बाळगतो, परंतु तेवढी वर्षे मागून कुणी आले नाही, हेही त्यातून दिसते. तिशी गाठलेला अविनाश २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि गुडघ्याची मोठी दुखापत घेऊन परतला. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. आपल्या शाळांच्या मैदानांवर तसा पाण्याचा खड्डाच नसतो, तर मांडव्याच्या दुसऱ्या मुलाने सराव करायचा कशावर?

खो-खोत चित्र बरे आहे. धाराशिवची सारिका काळे भारताची कर्णधार झाली, २०२० चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला, आज ती क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत आहे. आणि २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक जिंकलेल्या संघात त्याच धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

म्हणून जत्रा समित्यांना माझी विनंती आहे. कुस्तीच्या फडात जुन्या मल्लाला फेटा बांधून खुर्चीवर बसवता, ते अवश्य करा. पण इनामाच्या रकमेतला एक हिस्सा बाजूला काढून त्याला वर्षभराचे मानधन द्या आणि गावच्या तालमीची किल्ली त्याच्या हाती सोपवा.