नरक्या: घाटमाथ्यावरचे झाड आणि कर्करोगावरचे औषध

[दृश्य: पावसाळी घाटमाथा, सदाहरित रानाच्या कडेला एक लहानसे झाड]

सातारा, कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात नरक्या नावाचे झाड आढळते. फुलांना येणारी दुर्गंधी सोडली, तर वाटसरूने थांबून पाहावे असे त्यात काही नाही. परंतु त्याच्या खोडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचे अल्कलॉइड साठलेले असते, आणि मोठ्या आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर आज दिली जाणारी दोन औषधे याच रेणूत फेरफार करून घडवलेली आहेत.

अल्कलॉइडे ही वनस्पतींत तयार होणारी, नायट्रोजन असलेली आणि बहुधा कडू चवीची संयुगे होत. किडींना आणि चरणाऱ्या जनावरांना दूर ठेवण्यासाठी ती झाडाच्या उपयोगी पडतात, कारण सजीव पेशीच्या कारभारात ती थेट ढवळाढवळ करू शकतात. 1820 साली पॅरिसमध्ये पेल्तिए आणि काव्हांतू यांनी सिंकोनाच्या सालीतून हिवतापावर चालणारे क्विनीन हे अल्कलॉइड वेगळे केले. हिवतापाचा परजीवी रक्तातले हिमोग्लोबिन पचवतो तेव्हा उरणारे हीम त्याला स्वतःलाच विषारी असते. एरवी तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक बनवतो, पण क्विनीन त्या कामात अडथळा आणते.

आपल्याकडे आमांशावर पांढऱ्या कुड्याची साल पूर्वापार दिली जाते, आणि तिच्यातील कोनेसिन हे अल्कलॉइड आमांशाच्या अमीबावर खरोखरच परिणाम करते. डॉक्टरांनी ते वापरूनही पाहिले. मात्र झोप उडणे, अस्वस्थता वाढणे असे मज्जासंस्थेवरील परिणाम दिसून आल्याने ते मागे पडले. रानातले औषध म्हणजे निर्धोक औषध, असे मानणाऱ्यांनी कुड्याचे उदाहरण अवश्य पाहावे.

दारुहळदीतील बर्बेरीनची अडचण निराळी आहे. ते जिवाणूच्या पेशीत शिरते खरे, पण अनेक जिवाणू आपल्या आवरणातील पंपाने त्याला बाहेर टाकतात. 2000 साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की दारुहळदीच्या तिकडच्या एका भाऊबंद झुडपात हा पंप बंद पाडणारे दुसरे संयुगही असते, आणि त्याच्या सोबतीने स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूवर बर्बेरीनचा प्रभाव कितीतरी वाढतो. ते दुसरे संयुग एकटे असताना जिवाणूला काहीच करत नाही. केवळ मारक द्रव्य शोधणाऱ्या चाचणीत ते निरुपयोगी म्हणूनच बाजूला पडले असते.

[दृश्य: प्रयोगशाळा, काचेच्या नळ्यांतील अर्क]

आता पुन्हा नरक्याकडे वळू. कॅम्प्टोथेसिन प्रथम सापडले ते एका चिनी वृक्षात. 1925 साली नंदुरबारला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये संशोधन करणारे मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासह 1966 मध्ये त्याची रचना जाहीर केली. सहाच वर्षांनी मुंबईच्या गोरेगाव येथील सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले.

औषध मात्र अजून दूर होते. कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून रुग्णांना त्याचा सोडियम क्षार देण्यात आला. असे करताना रेणूतील एक वलय उघडते आणि त्याची परिणामकारकता बरीचशी जाते. शिवाय आम्लधर्मी मूत्रात तेच वलय पुन्हा जुळून मूत्राशयाला इजा होते. 1970 च्या दशकात या चाचण्या थांबवाव्या लागल्या. 1985 मध्ये त्याचे लक्ष्य कळले, तेव्हा या रेणूकडे शास्त्रज्ञ पुन्हा वळले. डीएनएचा पीळ सैल करण्यासाठी टोपोआयसोमरेज-1 हे विकर (एन्झाइम) त्याचा एक धागा कापते आणि लगेच जोडते. कॅम्प्टोथेसिन त्या कापलेल्या जागी रुतून बसते व जोडणी होऊ देत नाही. डीएनएची प्रत काढणारी यंत्रणा तिथे येऊन धडकली की दोन्ही धागे तुटतात, आणि भराभर विभागणारी कर्कपेशी मरते. विरघळण्याची अडचण दूर करणारे टोपोटेकान आणि इरिनोटेकान हे त्याचे सुधारित रेणू 1996 मध्ये अमेरिकेत मान्य झाले.

[दृश्य: तोडलेल्या खोडांचे बुंधे]

या यशाची किंमत घाटमाथ्याने मोजली. झाडात कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण सर्वसाधारणपणे टक्क्याच्या काही अंशांइतकेच असल्याने थोड्याशा द्रव्यासाठी पुष्कळ लाकूड लागते, आणि सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड होत राहिली आहे. पर्याय शोधणाऱ्या भारतीय संशोधकांना 2005 मध्ये नरक्याच्याच आत राहणारी, कॅम्प्टोथेसिन तयार करणारी एक बुरशी आढळली. बुरशी टाकीत वाढवता येते, त्यामुळे झाड न तोडता औषध मिळेल अशी आशा त्यातून निर्माण झाली. परंतु अशा बुरशा झाडाबाहेर पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या की त्यांचे उत्पादन घटत जाते, आणि कारखान्यांसाठी कच्चा माल अजूनही मुख्यतः झाडांतूनच येतो.