कार्डावरचं रिकामं सॉकेट

ही पुण्यातली तापकीर गल्ली, बुधवार पेठ. दुपारच्याला इथं धड चालता येत नाही, पण वायर, रिमोट, पंख्याचा कपॅसिटर, म्हणाल ते मिळतं. मी पण इथूनच आणलं होतं हे कार्ड, पीसीच्या आत बसवून यूएसबीचे पोर्ट वाढवायचं, चार पोर्टचं, यूएसबी 3.0. घरी बसवलं, पीसीनं ओळखलं, माऊस चालला, पेन ड्राईव्ह चालला, मग पोर्टेबल हार्डडिस्क लावली आणि सुरू झालं... टिक, टिक, टिक. बहिणीच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्यात, बॅकअप नाही, घरात सांगायचं कुणाला!

डिस्क ठणठणीत होती हो. उपाशी होती.

आता जरा कार्डाच्या मागच्या टोकाला बघा. हे पांढरं चार पिनचं सॉकेट दिसतंय? ते मी रिकामंच ठेवलेलं. कार्ड बसतं त्या मदरबोर्डवरच्या खाचेतून, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमधून, 12 व्होल्ट येतात, 3.3 येतात, पण यूएसबीला लागणारे 5 काही येत नाहीत, जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये यायचे. माझ्या कार्डावर 5 बनवणारं छोटंसं सर्किट होतं, पण ते आपलं माऊस-पेन ड्राईव्हपुरतं. आणि यूएसबी 3.0 चा एक पोर्ट 900 मिलिअँपचा, म्हणजे साडेचार वॉट, चार पोर्ट भरले की 18. ह्या एवढुशा एक्स-वन, म्हणजे सगळ्यात छोट्या, स्लॉटमधून कार्डाला सुरुवातीला 10 वॉटच घेता येतात. त्यात डिस्कची तबकडी फिरायला लागते तेव्हाच सगळ्यात जास्त करंट ओढते, तिथंच ती अडखळत होती, परत उठायची, परत बसायची.

मग एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, चार पिनची मोलेक्स वायर ओढून त्या रिकाम्या सॉकेटमध्ये लावली. पिवळी 12 ची, लाल 5 ची, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. एसएमपीएसचं मागचं बटण बंद करून हं, नुसतं शटडाऊन नाही. मोलेक्स नसेल तर साटावरून, म्हणजे एसएमपीएसच्याच चपट्या पॉवर वायरीवरून, कन्व्हर्टर मिळतो, पण साटाचं टोक एकसंध ओतीव प्लास्टिकचं असलेला स्वस्तातला घेऊ नका, आत वायरी एकमेकींना खेटून असतात, गरम होऊन शॉर्ट झाल्याचे, जळाल्याचे प्रकार झालेत.

आता आवाज ऐका. नुसती घूं. कॉपीला 46 मिनिटं दाखवतोय, आणि यावेळी दोन ठिकाणी करतोय.