९० किलोचा दगड, ११ बोटं आणि एक नाव: खेड शिवापूरच्या दर्ग्यात नक्की काय होतं?

नमस्कार मंडळी! पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की कात्रज सोडल्यावर खेड शिवापूरचा टोलनाका लागतो. तो टोलनाका सगळ्यांना माहितीय, पण तिथून जवळच शिवापूर गावात हजरत कमर अली दरवेश यांचा दर्गा आहे आणि त्या दर्ग्याच्या अंगणात एक गोलसर दगड पडलेला असतो, ज्याच्याबद्दल मला गेले कित्येक महिने कमेंटमध्ये सतत विचारलं जातंय. दादा तो खरा आहे का, दादा त्याच्यात शक्ती आहे का, दादा हे सगळं थोतांड आहे ना. तर आज त्याच्यावरच बोलू, आणि नीट बोलू.

आधी ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी. दगडाचं वजन साधारण ९० किलो सांगतात, आपण तेच धरू. ११ पुरुष गोल उभे राहतात, वाकतात, प्रत्येकजण उजव्या हाताचं फक्त एक बोट दगडाच्या खालच्या गोलाईला टेकवतो, आणि सगळे मिळून एका दमात ओरडतात, "कमर अली दरवेऽऽऽश!" आणि दगड वर जातो. म्हणजे इंच दोन इंच नाही हां, छातीपर्यंत खांद्यापर्यंत जातो, क्षणभर राहतो आणि दाणकन खाली आपटतो आणि सगळे पाय वाचवत मागे उड्या मारतात. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, आणि ज्यांनी बोट लावलेलं असतं ते हमखास एकच वाक्य बोलतात, अरे मला तर वजनच लागलं नाही.

आख्यायिका अशी सांगतात की दर्ग्याच्या जागी पूर्वी तालीम होती. तिथले पैलवान दगडी गोट्या उचलायचे आणि कमर अली या अंगाने किरकोळ सूफी तरुणाची टिंगल करायचे. तेव्हा कमर अली म्हणाले की तुमच्या ताकदीचा एवढा माज आहे ना, मग यापुढे हा दगड एकट्याच्या ताकदीने उचलणार नाही, ११ जणांनी एकेक बोट लावून माझं नाव घेतलं तरच उचलेल. मला ही गोष्ट मनापासून आवडते, कारण तालमीतल्या सगळ्यात दांडग्या गड्याला एकटं पाडणारी गोष्ट आहे ही.

आता हिशोब. ९० भागिले ११, एकेका बोटावर ८ किलोच्या थोडं वर येतात. बोटावर ८ किलो म्हणजे खूप वाटतं ना? पण हे बघा, माझ्या बोटाकडे बघा. बोट वाकवून वजन खेचायचं असेल तर अवघड आहे, पण इथे बोट नुसतं खाली टेकू म्हणून असतं आणि खरा जोर येतो तो मांड्यांमधून आणि पाठीतून, कारण सगळे वाकलेले असतात आणि ओरडता ओरडता सरळ होतात. बोट फक्त तो जोर दगडापर्यंत पोचवतं.

मग रोज का नाही जमत, आपल्या घरासमोर का नाही जमत? कारण वेळ साधावी लागते. समजा ११ पैकी तिघं अर्धा सेकंद उशिरा उठले, तर त्या अर्ध्या सेकंदात सगळं वजन आठ बोटांवर, म्हणजे प्रत्येकी ११ किलोच्या पुढे, वर दगड गोल, तो लगेच कलंडतो आणि ज्या बाजूला कलंडेल तिथल्या दोघातिघांची बोटं निसटतात. संपलं. म्हणून ते नाव एका आवाजात घेणं इतकं महत्त्वाचं आहे. हमाल जड पेटी उचलताना "जोर लगा के हैश्या" म्हणतात, त्यातला हैश्या जे काम करतो तेच काम इथे "दरवेऽऽऽश" करतं. नाव लांबवलं जातं तोपर्यंत सगळ्यांचा जोर टिकतो, दम संपला की जोर सुटतो आणि दगड खाली. भाविक म्हणतात की नाव थांबलं की दगड पडतो, आणि ते अक्षरशः बरोबरच आहे.

आणि ते "वजनच लागलं नाही"? त्यालाही कारण आहे. १८९१ मध्ये शार्पेंतिए नावाच्या फ्रेंच डॉक्टरने दाखवलं होतं की सारख्याच वजनाच्या दोन वस्तूंपैकी आकाराने मोठी असते ती हातात हलकी वाटते, कारण डोळ्यांनी आधीच जास्त वजनाची तयारी करून ठेवलेली असते. इथे तर डोळ्यांसमोर ९० किलोचा धोंडा आणि बोटाला लागतात आठ किलो. तो माणूस खोटं बोलत नाही, त्याला खरंच तसं जाणवतं.

११च का, असं विचाराल, तर १० जण असले तर प्रत्येकी ९ किलो, १२ असले तर साडेसात. फरक एवढाच. १० जणांना जमलं नाही असं कुणी सांगितलं तर आधी विचारा की एका आवाजात उठले होते का.

हे जगात दुसरीकडेही झालंय बरं का. सॅम्युअल पेपिस नावाचा लंडनचा एक सरकारी अधिकारी रोज डायरी लिहायचा, त्याने ३१ जुलै १६६५ ला, म्हणजे आपल्याकडे पुरंदरचा तह झाला त्याच वर्षी, एका ओळखीच्या माणसाने सांगितलेली हकीकत लिहून ठेवलीय. फ्रान्सच्या बोर्दो शहरात चार लहान मुलींनी आळीपाळीने मंत्रासारख्या ओळी म्हटल्या आणि एकेका बोटाने एका मुलाला उचललं. बघणाऱ्याला शंका आली, मुलगा हलका असेल, म्हणून त्याने चांगल्या दणकट स्वयंपाक्याला बोलावलं. मुलींनी त्यालाही उचललं! चार लहान मुली. हे लक्षात ठेवा, मी याच्याकडे परत येणार आहे.

आता दुसरा मुद्दा, जो मला दगडापेक्षा जास्त जवळचा आहे. या दर्ग्यात बोट लावणाऱ्याला कुणी जात धर्म विचारत नाही. कपाळाला गंध लावलेला माणूस आणि डोक्यावर जाळीची टोपी घातलेला माणूस शेजारी शेजारी वाकतात आणि तेच नाव घेतात. आणि हे आपल्या मातीत नवीन नाहीच मुळी. मालोजीराजांनी नगरच्या शहा शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली असं परंपरेने सांगतात, म्हणजे शिवरायांच्या वडिलांच्या नावातच एक पीर आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद विठ्ठलभक्तीचे अभंग मराठीत लिहितात आणि संत म्हणून पुजले जातात. सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरमचे उंचच उंच ताबूत निघतात, त्यांच्या भेटी होतात, ते काम हिंदू मुसलमान मिळून करतात. आपल्या गावागावात पिराला नारळ फोडणारी, मलिदा नेणारी हिंदू घरं आहेत आणि त्या घरांना आपण काही विशेष करतोय असं कधी वाटलेलंही नसतं. हल्ली कुणी उठून त्यांना विचारतं की तुम्ही दर्ग्यात का जाता, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण ज्या आजीने आयुष्यभर देवघरातल्या देवांबरोबर पिराचंही केलं तिला आता खुलासा द्यायला लावतोय आपण.

काहीजण म्हणतील की तू कारण सांगून श्रद्धा मोडतोयस. नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर सांगत राहिले की आमचा विरोध देवाधर्माला नाही, शोषणाला आहे, आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर त्याच वर्षी जो जादूटोणाविरोधी कायदा झाला त्यातही पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी यांना हात लावलेला नाही. दगड वर कसा जातो हे कळल्यावरही ज्याला कमर अलींपुढे डोकं टेकवायचंय त्याने खुशाल टेकवावं, मीही टेकवतो.

पण एक गोष्ट मला पटत नाही आणि ती मी स्पष्ट बोलणार. दगड उचलायला फक्त पुरुष. बायका लांबून बघतात. का? आठ किलो! अहो आपल्याकडच्या बायका विहिरीवरून आणि टँकरवरून पाण्याने भरलेला हंडा आणतात तो याच्यापेक्षा जड असतो, आणि तोही डोक्यावर घेऊन, चढ चढून. बोर्दोच्या त्या चार पोरी आठवा. ताकदीचं कारण टिकत नाही, आणि पवित्रतेचं म्हणाल तर २६ ऑगस्ट २०१६ ला मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात बायकांना जाऊ देण्याचा निकाल दिला, शनी शिंगणापूरच्या चौथऱ्यावरही त्याच वर्षी बायका गेल्या, आणि दोन्ही ठिकाणी लोक आजही तेवढ्याच भक्तीने जातात. जिथे धर्म आड येत नाही तिथे बाईपण का आड यावं?

तिथे बायकांना बोट लावू देतील तेव्हा देतील, तोवर घरी एक करून बघा. मजबूत खुर्चीवर ६० किलोच्या आसपासचा माणूस बसवा, आई, बहीण, वहिनी, काकू अशा चौघी उभ्या करा, दोघी काखेखाली, दोघी गुडघ्यांखाली, दोन्ही हातांची अंगठ्याशेजारची बोटं जोडून. आधी कसंही, आपापल्या वेळेने उचलायला सांगा. मग कुठलंही नाव घ्या, तुमच्या देवाचं घ्या, पिराचं घ्या, पण ते शेवटी लांबवा आणि चौघींनी त्याच अक्षरावर उठायचं. खाली गादी टाका, कंबर दुखत असेल त्यांनी करू नका. दोन्ही वेळचा व्हिडिओ काढा आणि मला पाठवा, पुढच्या भागात लावतो.